पाळी चुकली तर पोरगी आधी कोणाला सांगेल?

ती तीनदा आली होती. पहिल्यांदा म्हणाली, "बाई, पोट दुखून राह्यलं." मी गोळी दिली. दुसऱ्यांदा चक्कर येते म्हणाली. मी पापणी ओढून पाहिली, आतून पांढरीफटक. लोहाच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्यांदा माय सोबत होती. "कापूस वेचाले जाते न बाई, उन्हानं होते," माय म्हणाली आणि मी मान डोलावली. शेवटची पाळी कधी आली होती, हे मी तीनही वेळा विचारलं नाही. पोरगी पंधराची, लग्न नाही, मायसमोर कसं विचारायचं! संक्रांतीच्या सुमारास तालुक्याला सोनोग्राफी झाली तेव्हा पाच महिने उलटले होते.

यवतमाळ जिल्ह्यात उपकेंद्रांवर मी नर्स होते, आता निवृत्त आहे. त्या तीन भेटी माझ्या डोक्यातून गेल्या नाहीत. पुढे अशा बऱ्याच पोरी पाहिल्या आणि एक गोष्ट पक्की झाली. गावात घात होतो तो उशिरामुळे. पोरीला माहिती उशिरा मिळते, ती सांगते उशिरा, आपण विचारतो उशिरा, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत निम्मे दरवाजे बंद झालेले असतात. म्हणून हा लेख आईबाप, शाळेतल्या बाई-सर, आशाताई आणि अंगणवाडीच्या मॅडम यांच्यासाठी, वेळेच्या क्रमानं लिहिते आहे.

आधी एक गैरसमज

'कुमारी माता' म्हटलं की आमच्या जिल्ह्यातल्या झरी-जामणीकडचे कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, आठवतात. तिथला प्रश्न खरा आहे. बाहेरच्यांनी आदिवासी पोरींना फसवून सोडून दिल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आहेत. पण किशोरवयातलं बाळंतपण म्हणजे तेवढंच नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली एकतर आई झालेल्या होत्या किंवा गरोदर होत्या. त्याच पाहणीत २० ते २४ वयाच्या बायांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. म्हणजे या पोरींपैकी बहुतेक जणींच्या गळ्यात मंगळसूत्र असतं. एकीच्या वाट्याला गावाची कुजबुज येते, दुसरीच्या वाट्याला डोहाळजेवण. शरीर दोघींचं सारखंच कोवळं. रक्तदाब वाढणं, झटके येणं, बाळंतपणानंतरचा जंतुसंसर्ग, कमी वजनाचं मूल, हे धोके विशी ओलांडलेल्या बाईपेक्षा या वयात जास्त. त्यात आपल्याकडे रक्त कमी असण्याचं प्रमाण मोठं, आणि विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही बराच. सिकलसेलच्या पोरीचं गरोदरपण आधीच जोखमीचं असतं. सोळाव्या वर्षी ते आलं तर विचारूच नका.

बोलायचं कधी? पाळी येण्याच्या आधी

दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात 'सजीवांतील जीवनप्रक्रिया' हा धडा आहे. मासिक पाळी, गर्भधारणा, सगळं त्यात आहे. बऱ्याच शाळांत तो "घरी वाचा रे" म्हणून उरकला जातो. समजा नीट शिकवला, तरी दहावी म्हणजे पंधरावं वर्ष. गावची शाळा सातवीपर्यंत, पुढे शाळकरी पोरींसाठीच्या मानव विकास योजनेच्या निळ्या बसची वाट पाहायची, आणि बस बंद पडली की शिक्षण बंद. ज्या पोरींना त्या धड्याची सगळ्यात जास्त गरज, त्या दहावीपर्यंत पोचतच नाहीत. २००७ साली राज्यात शाळांमधल्या लैंगिक शिक्षणावरून गदारोळ झाला आणि तो कार्यक्रम थांबला. तेव्हापासून हेडमास्तर या विषयाला विंचवासारखे बिचकतात. तुम्ही 'लैंगिक शिक्षण' हा शब्द उच्चारायची गरज नाही. 'वयात येताना' म्हणा. मजकूर तोच ठेवा.

लोकांना वाटतं, असं बोललं की पोरं बिघडतात. अहो, मोबाईलवर पोरं काय पाहतात ते एकदा बघा, म्हणजे बिघडवायला आपण शिल्लक आहोत का ते कळेल. आणि विदर्भातच याचं उत्तर शोधून झालेलं आहे. गडचिरोलीतल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी बायांची तपासणी केली होती. १९८९ साली ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ९२ टक्के बायांना गुप्तांगाचा किंवा गर्भाशयाचा काही ना काही आजार निघाला. बाया वर्षानुवर्षं अंगावर काढत होत्या, कारण विचारणारं कोणी नव्हतं. पुढे राणीताईंनी तरुण पोरापोरींसाठी 'तारुण्यभान'ची शिबिरं सुरू केली. पोरं मोकळेपणी प्रश्न विचारतात, हे त्यातून दिसलं.

वयाप्रमाणे साधारण असं:

आठ ते दहा वर्षं. शरीराच्या अवयवांची नावं, खरी नावं. आपल्याकडे सगळ्याला 'खालची जागा' म्हणतात. लघवीची जागा, पाळीची म्हणजे योनी, आणि शौचाची जागा अशा तीन वेगळ्या जागा असतात हे कित्येक लग्न झालेल्या बायांनाही माहीत नसतं. पाटीवर चित्र काढा. कुणी तिथं हात लावला, लावायला सांगितलं, फोटो मागितला, तर ओरडायचं, पळायचं आणि सांगायचं. मग तो मामा असो, शेजारचा दादा असो की शिकवणीचे सर. 'अनोळखी माणसापासून सावध राहा' एवढंच सांगू नका. त्रास देणारा बहुतेकदा ओळखीचा निघतो.

दहा ते बारा. पाळी येण्याआधीच पाळी सांगायची. आल्यावर सांगितली की पोरगी आधी रडते, मग ऐकते. पोरांना स्वप्नदोष. नाव 'दोष' असलं तरी तो दोष नाही, रोग नाही, शक्ती जात नाही. इथंच एक गोष्ट घाला, जी कोणी सांगत नाही. पहिली पाळी येण्याच्या आधीही बीज सुटू शकतं. म्हणजे पाळी सुरू झाली नाही म्हणून दिवस जाऊच शकत नाहीत, असं नाही.

बारा ते चौदा. दिवस कसे जातात, ते सरळ सांगा. पुढची पाळी येण्याच्या साधारण चौदा दिवस आधी बीज सुटतं आणि ते एखादाच दिवस जगतं. पुरुषाचं बीज मात्र बाईच्या अंगात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं. या वयात पाळी मागेपुढे होते, म्हणून 'सुरक्षित दिवसां'चा हिशोब पोरींना कामाचा नाही. पहिल्याच वेळी दिवस जाऊ शकतात. उभ्यानं असो, पाळीत असो, बाहेर काढलं असो, तरी जाऊ शकतात. मुका घेतल्यानं, एका बाकावर बसल्यानं, एकाच तलावात पोहल्यानं जात नाहीत. हसू नका, हे प्रश्न माझ्या पेटीत निघालेले आहेत.

चौदाच्या पुढे. निरोध, गोळ्या, कायदा, मोबाईलवरचे फोटो, आणि 'नाही' म्हणणं. 'नाही' म्हणायला शिकवायचं तर नुसतं "नाही म्हण" म्हणून चालत नाही, सराव करावा लागतो. "माझ्यावर विश्वास नाही का?" असं त्यानं म्हटलं तर काय उत्तर देशील? "फोटो पाठव, नाहीतर जीव देतो" म्हटलं तर? दोन पोरी समोरासमोर उभ्या करा आणि बोलायला लावा. आधी खिदळतात, मग जोरात उत्तरं देतात.

पेटी कशी चालवायची

रिकामा बिस्किटाचा डबा घ्या, वरून चीर पाडा. प्रत्येकाला सारख्या कागदाची चिठ्ठी द्या. प्रश्न असो वा नसो, चिठ्ठी प्रत्येकानं टाकायचीच. ज्याला प्रश्न नाही त्यानं 'जय विदर्भ' लिहावं. हे महत्त्वाचं, नाहीतर कोण लिहून राह्यलं ते बाकीचे पाहतात. डबा घरी न्या, वाचा, रात्री उत्तरं तयार करा. अडलं तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा. पोरी आणि पोरं पहिल्या वेळी वेगळी बसवा, पण सांगायचं दोघांना तेच. पोरांना पाळी कळली की वर्गात डाग पडलेल्या पोरीला हसणं कमी होतं, हा माझा अनुभव आहे.

आणि चिठ्ठीत कधी कधी प्रश्न नसतो, गाऱ्हाणं असतं. "काका रात्री येतात." एवढंच. मग डबा बाजूला ठेवा. पुढचं काम वेगळं आहे, खाली येतेच त्यावर.

शाळेत जमत नसेल तर अंगणवाडीत किशोरींची बैठक असते, ती धरा. ग्रामीण रुग्णालयात 'मैत्री क्लिनिक' असतं, १० ते १९ वयाच्या पोरापोरींसाठी. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला, त्यातलं. पाटी असते, खोली असते, पण गावात कोणाला पत्ता नसतो. एकदा पोरींना घेऊन जा, खोली दाखवा, तिथल्या समुपदेशक ताईची ओळख करून द्या. ओळख झालेल्या माणसाकडे पोरगी एकटीही जाते.

पोट्ट्यांचं काय?

सगळी शिकवण पोरींना आणि पोट्टे पानठेल्यावर मोकळे, असं चालतं आपल्याकडे. पोरांना दोन गोष्टी ठणकावून सांगा. पहिली, निरोध आशाताईकडे आणि उपकेंद्रात फुकट मिळतो. दुसरी, कायदा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानं अठराच्या आतल्या मुलीची संमती मोजलीच जात नाही. "तिच्याच मर्जीनं झालं" हे उत्तर कोर्टात चालत नाही. ती गरोदर राहिली तर गुन्हा अधिक गंभीर धरला जातो आणि शिक्षा किमान २० वर्षं. एकोणीस वर्षांच्या पोराला हे ऐकवा, त्याचा चेहरा उतरतो. पोरगा स्वतः अठराच्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं.

माझं मत विचाराल तर सोळा-सतराच्या दोन पोरांच्या प्रेमप्रकरणाला आणि बापाच्या वयाच्या माणसानं केलेल्या अत्याचाराला एकच मापटं लावणं मला पटत नाही. पण कायदा आज असाच आहे आणि पोरांना तो माहीत असायला हवा.

पाळी चुकली. आता?

इथं दिवस मोजायचे. डॉक्टर गरोदरपण मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे पाळी एक आठवडा लांबली त्या दिवशी गर्भ पाच आठवड्यांचा धरतात. हे घरच्यांना कळत नाही आणि हिशोब चुकतो.

पोरीला एकटीला विचारा. सगळ्याच पोरींना विचारायची सवय लावा. पोट दुखो, डोकं दुखो, खरचटलं तरी चालेल, "शेवटची पाळी कधी आली?" हा प्रश्न ठरलेलाच. मग कोणी एक जण वेगळी पडत नाही. तारीख आठवत नसेल तर सणांवरून काढा. पोळ्याच्या आधी की नंतर? महालक्ष्म्यांच्या जेवणाला तू बाजूला बसली होतीस का? घटस्थापनेला? पोरींना तारीख आठवत नाही, पण कोणत्या सणाला देवघरापासून दूर ठेवलं होतं ते बरोबर आठवतं.

चाचणीची पट्टी आशाताईकडे फुकट असते. मेडिकलमध्येही मिळते, पण गावचा मेडिकलवाला बापाच्या ओळखीचा असतो, म्हणून पोरी घ्यायला धजत नाहीत. वहिनीला किंवा मोठीमायला तालुक्याहून आणायला सांगा. सकाळची पहिली लघवी, काही थेंब, पाच मिनिटं. दोन रेघा म्हणजे दिवस गेले. एकच रेघ आली आणि तरी पाळी आली नाही, तर आठवड्यानं पुन्हा करा. पाळी लांबायला रक्त कमी असणं, ताण, वजन अशी दुसरीही कारणं असतात, म्हणून पट्टी पाहण्याआधी पोरीवर हात उचलू नका. पट्टी पाहिल्यावरही उचलू नका.

आश्रमशाळेच्या अधीक्षकांना एक विनंती. दिवाळीच्या सुटीनंतर सगळ्या पोरींना रांगेत उभं करून लघवीची तपासणी करू नका. त्यानं पोरी लपवायला शिकतात.

संबंध येऊन तीन दिवस उलटले नसतील तर वेगळा रस्ता आहे. ७२ तासांच्या आत घेतलेली तातडीची गोळी दिवस राहणं टाळू शकते. जितक्या लवकर घेतली तितकी उपयोगी. ती गर्भपाताची गोळी नाही आणि रोजची सवयही नाही. जबरदस्ती झाली असेल तर याच ७२ तासांत एचआयव्ही टाळायचं औषधही सुरू करता येतं. म्हणून घरात चर्चा करत बसू नका, दवाखाना गाठा. अंगावरचे कपडे धुऊ नका, कागदात गुंडाळून न्या, प्लास्टिकच्या पिशवीत नको. धुतले असतील तरी जा.

पहिली रात्र

पोरीनं सांगितलं की पहिलं वाक्य काय बोलायचं, ते आधीच ठरवून ठेवा, कारण त्या क्षणी तोंडातून भलतंच निघतं. "बरं झालं सांगितलंस" पुरेसं आहे. "कोण?" हा प्रश्न लगेच नको. आधी रक्त जातं का, दुखतं का, कोणी धमकावतं का ते विचारा. 'कोण' याचं उत्तर त्याच घरात बसलेलं असू शकतं. म्हणून सगळ्यांसमोर तर मुळीच विचारू नका.

आणि फवारणीचं औषध कुलूपबंद करा. आपल्याकडे कपाशीच्या औषधाचे डबे माजघरात, खाटेखाली पडलेले असतात. त्या रात्री आणि पुढचे काही दिवस पोरीला एकटं झोपू देऊ नका. मन फारच बिघडलं असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

पपई, काढा, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या 'पाडायच्या गोळ्या', गावातल्या कोणा बाईचा हात, यांतलं काही नको. त्या गोळ्या डॉक्टरच्या हाताखाली नऊ आठवड्यांपर्यंत कामाच्या आहेत. घरी लपून घेतल्या तर रक्त थांबत नाही, तुकडा आत राहतो, आणि गर्भ पिशवीऐवजी नळीत असेल तर जिवावर बेततं.

दवाखाना आणि पोलीस

गर्भपाताचा कायदा १९७१ चा, २०२१ मध्ये सुधारला. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टरांचं लागतं, आणि ही सवलत ज्यांना आहे त्यांत अठराच्या आतल्या मुली आणि बलात्कार झालेल्या बाया येतात. चोवीसच्या पुढे बहुतेकदा हायकोर्टात जावं लागतं, आपल्यासाठी नागपूर खंडपीठ. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, फोन १५१००. पण तिथं जाऊन एकेक दिवस मोजायची वेळच येऊ नये.

सही कोणाची? पोरगी अठराच्या आतली असेल तर पालकाची लेखी संमती लागते. पण कायद्यात पालक म्हणजे मुलीचा सांभाळ करणारी व्यक्ती. मायबाप कामाला परजिल्ह्यात गेले आणि पोरगी आजीकडे आहे, तर आजीची सही चालायला हवी. हे दवाखान्यात कारकुनाला माहीत नसतं, शांतपणे सांगा. आणि पोरीच्या मनाविरुद्ध कोणी तिचा गर्भपात करू शकत नाही, बापसुद्धा नाही.

बारा आठवड्यांच्या आत असेल तर ग्रामीण रुग्णालयात होऊ शकतं. त्यापुढे थेट मोठं रुग्णालय धरा. अमरावतीत डफरीन, नागपुरात मेडिकल किंवा मेयो, वर्ध्याकडे सेवाग्राम. नाहीतर आपापल्या जिल्ह्याचं सरकारी रुग्णालय. सोबत जन्माचा दाखला किंवा शाळेचं बोनाफाईड, शेवटच्या पाळीची तारीख लिहिलेला कागद, आणि सिकलसेलची तपासणी झाली असेल तर तो रिपोर्ट.

आता लोक घाबरतात ते पोलिसांना. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्यानं कळवायचंच, मग तो डॉक्टर असो, शिक्षक असो की आशाताई. न कळवणं हाही गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. या भीतीनं घरचे सरकारी दवाखाना टाळतात आणि कुठल्यातरी खोलीत पोरीचा जीव घालवतात. म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. उपचार गुन्हा नोंदवायची वाट पाहत नाहीत, आधी उपचार. पोरीचा जबाब घरी किंवा तिला हव्या त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो, आणि तिला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. तिसरी गोष्ट फार कमी जणांना ठाऊक आहे. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की संमतीच्या संबंधातून गरोदर राहिलेल्या अल्पवयीन मुलीनं आणि तिच्या पालकानं विनंती केली, तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरनं पोलिसांना कळवताना तिचं नाव-गाव उघड करायची गरज नाही. मात्र ही विनंती तुम्ही स्वतः करायला हवी, लेखी.

अत्याचार झाला असेल तर लपवू नका. त्या 'काका'च्या चिठ्ठीचंही हेच. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर लावा, कोणीही लावू शकतो. पोलीस २४ तासांत बालकल्याण समितीला कळवतात आणि घर सुरक्षित नसेल तर समिती पोरीची दुसरीकडे सोय करते. गुन्हा नोंदला असेल तर गर्भपाताच्या वेळी गर्भाचा नमुना जपून ठेवायला डॉक्टरांना आठवण करा, डीएनएसाठी तो लागतो. राज्याची मनोधैर्य योजना आहे, अर्थसाहाय्य आणि समुपदेशनासाठी. तिचा अर्जही विधी सेवा प्राधिकरणाकडेच.

लग्न लावून मिटवू नका

पंचायत बसते, दोन्हीकडचे येतात, 'पोरीची अब्रू' म्हणतात आणि महिनाभरात बोहल्यावर चढवतात. यानं काही मिटत नाही. २००६ च्या बालविवाह कायद्यात लग्न लावणाऱ्यांना आणि होऊ देणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. ११ ऑक्टोबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं की अठराच्या आतल्या बायकोशी संबंध हाही बलात्कारच. म्हणजे मंगळसूत्रानं पोक्सो सुटत नाही. बाळंतपणाला दवाखान्यात गेलं की वय विचारतातच, आणि तिथून पुढे सगळं उघडं पडतं. ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. लग्न ठरतंय असं कानावर आलं तर पत्रिका छापायच्या आधी त्यांना किंवा १०९८ ला कळवा. हळद लागल्यावर थांबवलं की पोरीच्याच नावानं खडे फोडतात.

झालंच असेल लग्न, तर किमान पाळणा लांबवा. सासूला पटवायचं असेल तर 'कुटुंब नियोजन' म्हणू नका, 'पोरीचं रक्त भरू दे' म्हणा. ऐकतात. छाया गोळी, अंतरा इंजेक्शन उपकेंद्रात फुकट आहे.

बाळ होणारच असेल तर

नाव नोंदवायला लाजू नका. उशीर झाला असेल तरी नोंदवा. किमान चार तपासण्या, धनुर्वाताचं इंजेक्शन, लोहाची गोळी रोज, १८० दिवस. काळी शी होते म्हणून पोरी गोळ्या फेकतात. होऊ द्या काळी, जेवणानंतर घ्या, चहासोबत नको. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयात तज्ज्ञ डॉक्टर गरोदर बायांना तपासतात, तिथं न्या. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडा-हातावर सूज आली, रक्त गेलं, की १०८ लावा, सकाळची वाट पाहू नका. बाळंतपण घरी नाहीच, आणि शक्यतो जिथं सिझरची सोय आहे तिथं.

बाळ सांभाळायचं नसेल तर उकिरड्यावर, मंदिराच्या पायरीवर ठेवायची काही गरज नाही. बालकल्याण समितीसमोर रीतसर सोपवता येतं आणि साठ दिवसांत विचार बदलला तर परत घेता येतं. 'कोणाला तरी देऊन टाकलं' हे मात्र बेकायदा आहे, मग घेणारा कितीही जवळच्या ओळखीतून आलेला असो.

शाळा

शेवटचं काम घरचे विसरतात. पोरगी वाचली, घरी आली, आता शाळेचं नाव नको, असं होतं. नियमित जमत नसेल तर १७ नंबरचा फॉर्म आहे. दहावी-बारावीची परीक्षा बाहेरून देता येते. त्याच्या तारखा दरवर्षी बोर्ड जाहीर करतं, पावसाळ्यातच जवळच्या हायस्कुलात विचारून ठेवा. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो. आणि त्या दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा रकाना असतो. दाखला हातात घ्यायच्या आधी तो रकाना वाचा. मी एका पोरीच्या दाखल्यावर तिथं काय लिहिलेलं पाहिलं ते इथं सांगत नाही. हेडमास्तरांना म्हणा, 'पालकांच्या विनंतीवरून' एवढंच लिहा, सर. आणि लिहून होईपर्यंत टेबलासमोरून हलू नका.